हरलेल्या लढाईची जमीन

उत्तर फ्रान्समध्ये, अल्बेर या गावापासून उत्तरेला नऊ किलोमीटरवर, ब्यूमाँ-आमेल नावाचं छोटंसं खेडं आहे. भोवती गहू आणि शुगरबीटची शेतं, मधूनमधून झाडांचे पुंजके, खाली आंक्र नदीचं खोरं. या नांगरलेल्या मुलखात साधारण 30 हेक्टरांचा एक तुकडा असा आहे की ज्याला शंभर वर्षांत नांगर लागलेला नाही. दुरून तो गवताळ माळ वाटतो. जवळ गेलं की जमीन सरळ नाही हे कळतं. तिच्यात हजारो खळगे आहेत, नागमोडी चर आहेत. चरांच्या कडा पावसानं गोल झाल्या आहेत, पण त्यांची वळणं अजून स्पष्ट दिसतात. खळगे तोफगोळ्यांचे आहेत आणि चर म्हणजे 1916 सालचे खंदक.

हे न्यूफाउंडलंडचं स्मृतिउद्यान. न्यूफाउंडलंड आज कॅनडाचा एक प्रांत आहे, परंतु ही जमीन त्यानं विकत घेतली तेव्हा तो ब्रिटिश साम्राज्यातला स्वतंत्र डोमिनियन होता आणि कॅनडाशी त्याचा राजकीय संबंध नव्हता. जेमतेम अडीच लाख वस्तीचं हे बेट कॉड मासा, सील प्राण्यांची शिकार आणि लाकूड यांवर जगत होतं. त्यानं समुद्रापलीकडे परक्या देशात जमीन घेतली आणि तीही जिंकलेल्या लढाईची नव्हे. आपली पलटण जिथे अर्ध्या तासात संपली, तीच जागा त्यानं निवडली. पहिल्या महायुद्धाची स्मारकं युरोपात हजारोंनी आहेत. त्यांतल्या बहुतेकांत दगडावर नावं कोरलेली असतात आणि घडलं काय ते पुस्तकात वाचावं लागतं. इथे ते जमिनीवर वाचता येतं. माझ्या मते या उद्यानाचं मोल त्यातच आहे.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा न्यूफाउंडलंडकडे सैन्यच नव्हतं. गव्हर्नर वॉल्टर डेव्हिडसन यांच्या पुढाकारानं नागरिकांची एक संघटना उभी राहिली आणि तिनंच पलटण उभारली. खाकी कापड कमी पडलं म्हणून पहिल्या तुकडीच्या पायांना निळ्या पट्ट्या मिळाल्या. ‘निळ्या पट्टीवाले’ हे नाव त्या पहिल्या पाचशेंना कायमचं चिकटलं. 4 ऑक्टोबर 1914 रोजी ते ‘फ्लोरिझेल’ या बोटीतून निघाले. एरवी हीच बोट सीलच्या शिकारीला जात असे. कोळी, लाकूडतोडे, दुकानांतले कारकून, शाळा नुकतीच सोडलेली मुलं असे सगळे तीत होते. मागे राहिलेल्या बायकांनी पायमोजे विणायला घेतले आणि युद्ध संपेपर्यंत हजारो जोड आघाडीवर पाठवले.

सप्टेंबर 1915 मध्ये ही पलटण गॅलिपोलीच्या सुव्हला उपसागरात उतरली. तिथे तुर्की गोळ्यांपेक्षा आजारानं आणि नोव्हेंबरअखेरच्या वादळानं जास्त हाल केले. आधी खंदक पुरानं भरले आणि मग तेच पाणी गोठलं. तिथून इजिप्त, मग मार्च 1916 मध्ये मार्से बंदर आणि तिथून उत्तर फ्रान्समधली सोमची आघाडी. ब्रिटिशांच्या 29 व्या डिव्हिजनमध्ये त्यांना ब्यूमाँ-आमेलसमोरचा भाग मिळाला.

पुढे काय झालं ते समजून घ्यायचं तर आधी पायाखालचा दगड पाहावा लागतो. सोमच्या या भागात मातीच्या पातळ थराखाली चॉक आहे, म्हणजे मऊ, पांढरा चुनखडीचा दगड. तो कुदळीनं सहज फोडता येतो, पाणी जिरवतो आणि खोदलेली पोकळी ढासळू न देता धरून ठेवतो. जर्मन सैन्य इथे 1914 च्या शरदापासून बसलेलं होतं. पावणेदोन वर्षांत त्यांनी या दगडात खोल तळघरं खोदली. त्यांत झोपायच्या फळ्या होत्या, जिने होते, बाहेर पडायला एकाहून जास्त वाटा होत्या. शिवाय निसर्गानंच त्यांना इथे एक घळ दिली होती. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दोन फाटे फुटलेली ही खोल घळ जर्मन फळीच्या अगदी लगत आहे. तिच्या काठांत खोदलेल्या आसऱ्यांवर समोरून डागलेला गोळा नीट पडतच नसे. हल्ल्याआधी सात दिवस ब्रिटिश तोफखान्यानं साऱ्या आघाडीवर मिळून पंधरा लाखांहून अधिक गोळे डागले. खालचे जर्मन सैनिक थकले, भुकेले झाले, पण जिवंत राहिले.

1 जुलै 1916. हल्ल्याची वेळ सकाळी साडेसातची. जवळच्या हॉथॉर्न टेकाडाखाली ब्रिटिशांनी सुमारे 18,000 किलो स्फोटकांचा सुरुंग पुरला होता. तो सात वाजून वीस मिनिटांनीच उडवला गेला. जेफ्री मॅलिन्स या चित्रणकारानं त्याचं चलचित्र घेतलं, आणि आकाशात उठलेला मातीचा तो खांब आजही जगभर पाहिला जातो. परंतु त्या दहा मिनिटांनी जर्मनांना इशारा मिळाला. ते तळघरांतून वर आले, मशीनगनी बसवल्या आणि वाट पाहत राहिले. साडेसातला निघालेल्या ब्रिटिश पलटणी काटेरी तारांपाशीच कापल्या गेल्या. त्यातच जर्मनांनी सोडलेले पांढरे प्रकाशबाण मागच्या सेनाधिकाऱ्यांना आपल्याच यशाची खूण वाटले. आता राखीव पलटणी पुढे पाठवायच्या, असं ठरलं.

न्यूफाउंडलंडची पलटण मागच्या आधार-खंदकात होती. सैनिकांनी या खंदकाला आपल्या राजधानीचं, सेंट जॉन्सचं, नाव दिलेलं होतं. पुढच्या फळीकडे जाणारे जोडखंदक मृतांनी आणि जखमींनी भरून गेले होते. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हॅडो यांना विनाविलंब निघण्याचा हुकूम होता, म्हणून त्यांनी खंदकाबाहेर पडून उघड्यावरून चालण्याची आज्ञा दिली. शेजारच्या एसेक्स पलटणीनं त्याच हल्ल्यात सोबत यायचं होतं, पण ती जोडखंदकांच्या गर्दीत अडकून मागे राहिली. सव्वानऊच्या सुमारास न्यूफाउंडलंडर एकटेच उभे राहिले.

आजच्या उद्यानात या खंदकापाशी उभं राहून समोर पाहिलं की पुढचं सगळं कळतं. जमीन हळूहळू उतरत शत्रूकडे जाते. कुठे आडोसा नाही. आपल्याच पुढच्या फळीपर्यंत जवळपास 230 मीटर चालायचं, वाटेत आपल्याच काटेरी तारा. त्या तारांत ये-जा करायला मोजक्या फटी होत्या आणि जर्मन मशीनगनवाल्यांना त्या ठाऊक होत्या. माणसं फटींकडे वळली की तिथे दाटी होई आणि गोळ्या तिथेच येत. फटींतून जे सुटले ते दोन फळ्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उतरणीला लागले. पाठीवर कित्येक किलोंचं ओझं होतं. पळणं शक्य नव्हतं, ते चालत होते. पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे की ती माणसं हनुवटी छातीशी घेऊन, खांदा पुढे काढून चालत होती, जणू घरच्या हिमवादळात वाट काढत आहेत. त्या मोकळ्या पट्ट्यात गोळ्यांनी छिन्न झालेलं एक झाड उभं होतं. आधीच्या दिवसांत रात्री छापे घालायला जाणाऱ्या तुकड्या खुणेसाठी त्याचा उपयोग करत. त्या सकाळी बऱ्याच जणांचा प्रवास त्याच झाडाच्या आसपास संपला. उद्यानात त्याला ‘डेंजर ट्री’ म्हणतात, आणि आज तिथे मूळ झाडाची प्रतिकृती उभी आहे.

अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. सुमारे 800 जण निघाले होते. 324 ठार झाले किंवा बेपत्ता होऊन मृत ठरले, 386 जखमी झाले. पुढे गेलेला एकही अधिकारी धडधाकट परतला नाही. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला 68 जणांनी ‘हजर’ म्हटलं. सेंट जॉन्समधल्या एका व्यापारी घराण्यातले चार तरुण त्याच दिवशी गेले. तिघं याच पलटणीत होते, चौथा एका इंग्रज पलटणीत. साऱ्या ब्रिटिश फौजेचा विचार केला तर त्या एका दिवसात 57,470 माणसं कामी आली किंवा जखमी झाली, त्यांत 19,240 मृत. ब्रिटनच्या लोकसंख्येत ते दुःख पसरून गेलं. अडीच लाखांच्या बेटावर मात्र तारा येऊ लागल्या तेव्हा दुःखातून सुटलेला गाव शोधावा लागला असता.

ब्यूमाँ-आमेल शेवटी 13 नोव्हेंबर 1916 रोजी पडलं. ते घेतलं स्कॉटलंडच्या 51 व्या हायलँड डिव्हिजननं. त्यामुळे न्यूफाउंडलंडच्या या उद्यानात स्कॉट सैनिकाचाही पुतळा आहे आणि हंटर्स सिमेट्री नावाची एक वर्तुळाकार दफनभूमीही आहे. तोफगोळ्यानं पडलेल्या एका खड्ड्यातच 51 व्या डिव्हिजननं आपले मृत पुरले, म्हणून तिचा आकार गोल.

सोमच्या याच लढाईत 14 जुलै 1916 ला इथून सुमारे दहा किलोमीटरवर, हाय वूड या रानाजवळ, डेक्कन हॉर्स या भारतीय घोडदळानं भाले घेऊन हल्ला केला होता. पूना हॉर्स हा रिसालाही त्यांच्याच ब्रिगेडमध्ये होता. मराठा पलटणींचं पहिलं महायुद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात झालं, त्यामुळे फ्रान्सची ही आघाडी आपल्याकडे तुलनेनं कमी बोलली गेली. फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांचं मोठं स्मारक इथून उत्तरेला नव्ह-शापेल इथे आहे. 1927 साली उघडलेल्या त्या वर्तुळाकार वास्तूवर 4,700 हून अधिक नावं आहेत. ती वास्तू सुंदर आणि गंभीर आहे. पण ज्या शेतांत ती माणसं पडली, ती शेतं पुन्हा नांगराखाली गेली.

ब्यूमाँ-आमेलची जमीनही तशीच गेली असती. युद्ध संपताच फ्रेंच शेतकरी परतू लागले होते. खंदक बुजवायचे, तारा गुंडाळायच्या आणि पेरणी करायची, यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पोटाचा प्रश्न होता. या घाईच्या काळात टॉमस नँगल नावाचा एक कॅथलिक पाद्री आडवा आला. तो न्यूफाउंडलंडच्या पलटणीचा धर्मगुरू होता. युद्धानंतर त्याच्यावर आपल्या देशाच्या सैनिकांची थडगी शोधण्याचं आणि नोंदवण्याचं काम आलं. ब्यूमाँ-आमेलची जमीन लहान लहान पट्ट्यांत वाटलेली होती आणि सुमारे अडीचशे मालकांशी बोलणी करावी लागणार होती. आपल्याकडे रस्त्यासाठी दहा सातबारे एकत्र करताना काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना नँगलच्या चिकाटीची कल्पना येईल. 1921 मध्ये व्यवहार पुरा झाला. युद्धात उजाड झालेली तीस हेक्टर जमीन न्यूफाउंडलंडच्या नावावर आली.

या जागेचं उद्यान करण्याचं काम नँगलनं रुडॉल्फ कोशियस या डच उद्यान-रचनाकाराकडे दिलं. कोशियसनं आधी सेंट जॉन्समधल्या बाउरिंग पार्कवर काम केलं होतं, म्हणजे न्यूफाउंडलंडचं निसर्गरूप त्याच्या नजरेत होतं. त्याचा सर्वांत मोठा निर्णय म्हणजे रणभूमीला हात न लावणं. खंदक सजवायचे नाहीत, खड्डे भरायचे नाहीत. जे काही नवं करायचं ते कडेला करायचं. उद्यानाच्या सीमेवर त्यानं न्यूफाउंडलंडमध्ये वाढणाऱ्या जातींची पाच हजारांहून अधिक झाडं लावली. स्प्रूस, ज्युनिपर, लालभडक फळांचे घोस धरणारी डॉगबेरी. ज्यांच्या मुलांचे देह घरी येणार नव्हते, त्यांच्या घराभोवतीचं रान त्या मुलांजवळ नेऊन लावलं. ती झाडं आता उंच झाली आहेत. आत शिरलं की बाहेरची शेती दिसेनाशी होते आणि समोर फक्त ती उतरण राहते.

प्रवेशाच्या बाजूला एका उंचवट्यावर ब्राँझचा कॅरिबू उभा आहे. इंग्लिश शिल्पकार बॅझिल गॉटो यांनी तो घडवला. न्यूफाउंडलंडहून आणलेल्या ग्रॅनाइटच्या दगडांवर, तिकडच्याच झुडपांच्या मध्ये, मान उंचावून तो जुन्या शत्रुफळीच्या दिशेनं पाहतो. कॅरिबूचं मस्तक हे पलटणीचं चिन्ह होतं. पायथ्याशी ब्राँझच्या पट्ट्यांवर आठशेहून अधिक नावं आहेत. ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा न्यूफाउंडलंडच्या सैनिकांची, नौदलाच्या राखीव दलातल्यांची आणि व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची ही नावं. उंचवट्यावर चढून गेलं की खंदकांची पूर्ण मांडणी नजरेत येते. असेच कॅरिबू फ्रान्समध्ये आणखी तीन ठिकाणी आणि बेल्जियममध्ये एका ठिकाणी आहेत. जिथे जिथे ही पलटण लढली त्या वाटेवरचे ते टप्पे. सहावा सेंट जॉन्सच्या बाउरिंग पार्कमध्ये आहे आणि शतक उलटून गेल्यावर गॅलिपोलीतही एक उभा राहिला.

पुतळ्यासाठी हाच प्राणी का, हे बेटाचा नैसर्गिक इतिहास सांगतो. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रानटी रेनडिअर. या जातीत नराप्रमाणे मादीलाही शिंगं येतात. माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूस आणून सोडले, तोवर न्यूफाउंडलंडवर मोठा खुरधारी प्राणी हा एकटाच होता. बेटावरचे आदिवासी बेओथुक त्याच्याच शिकारीवर हिवाळे काढत. त्यांची शिकारीची कुंपणं काही ठिकाणी कित्येक किलोमीटर लांब असत. गेल्या काही दशकांत मात्र या कॅरिबूंवर वाईट वेळ आली. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात बेटावर ते नव्वद हजारांच्या घरात होते. त्यानंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत त्यांची संख्या एक तृतीयांशाजवळ आली. फ्रान्समध्ये त्याची ब्राँझमूर्ती जपणाऱ्या देशानं खऱ्या कळपांकडेही तितकंच लक्ष द्यावं, असं मनापासून वाटतं.

7 जून 1925 रोजी उद्यान उघडलं ते सर डग्लस हेग यांच्या हस्ते. सोमच्या लढाईत ब्रिटिश फौजेचे सरसेनापती तेच होते. आजचा वाचक इथे थबकतो. त्या काळातल्या अनेक माजी सैनिकांना मात्र हेग यांचं येणं सन्मानाचं वाटलं होतं, आणि 1924 साली सेंट जॉन्समधल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचं अनावरणही त्यांनीच केलं होतं. हल्ल्याच्या आखणीत कुणाचं किती चुकलं, हा वाद इतिहासकारांत अजून चालू आहे. उद्यान त्या वादात बाजू घेत नाही. ते उतार दाखवतं, अंतर दाखवतं, घळ दाखवतं.

अशी जमीन राखणं सोपं नाही. चॉक मऊ आहे. दर पावसाळ्यात, दर दहिवरात खंदकाच्या कडा थोड्या आत येतात. पाहुण्यांचे पायही तेच करतात, म्हणून ठरलेल्या वाटांबाहेर जायला मनाई आहे. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. सोमच्या मातीत न फुटलेले गोळे अजून आहेत. आजूबाजूच्या शेतांत नांगरणीच्या मोसमात ते दरवर्षी वर येतात आणि शेतकरी ते बांधावर काढून ठेवतात. उद्यानात यंत्रानं गवत कापणं त्यामुळे धोक्याचं आहे, म्हणून ते काम मेंढ्यांवर सोपवलेलं आहे. मेंढीचं वजन कमी, तोंड बारीक. खड्ड्यांच्या उतारावरूनही ती सहज चरते आणि झुडपांची रोपं वर येऊ देत नाही. खळगे उघडे दिसतात ते तिच्यामुळे. चॉकवरचा हा पातळ, फारसं खत नसलेला मातीचा थर बारीक गवताला आणि रानफुलांना चांगला मानवतो.

युद्धाशी जोडली गेलेली लाल खसखशीची फुलं मात्र इथल्या दाट गवतात फारशी टिकत नाहीत. त्या रोपाच्या बिया मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि माती उकरली गेली, बियांना उजेड लागला की रुजतात. तोफांनी सारी जमीन उलथली तेव्हा ती सगळीकडे फुलली होती. आज तिची जागा शेजारच्या नांगरलेल्या शेतांच्या कडेला आहे. न्यूफाउंडलंडचे लोक 1 जुलैला छातीवर खसखशीच्या जागी छोटं निळं फरगेट-मी-नॉट लावतात.

युद्धानंतर न्यूफाउंडलंडची कहाणी सुखाची झाली नाही. पलटणीत सहा हजारांवर माणसं भरती झाली आणि त्यांतली सुमारे तेराशे परतली नाहीत. 1917 च्या अखेरीस पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. 1918 मध्ये गाजवलेल्या शौर्यासाठी टॉमी रिकेट्स या 17 वर्षांच्या मुलाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण पलटण उभारण्याचं, पोसण्याचं आणि पुढे निवृत्तिवेतनाचं कर्ज बेटाच्या डोक्यावर राहिलं. रेल्वेचं कर्ज होतंच. जागतिक मंदीत माशांचे भाव कोसळले आणि 1934 साली न्यूफाउंडलंडनं स्वतःचं सरकार गमावलं. लंडनहून नेमलेला आयोग पंधरा वर्षं कारभार पाहत होता. 1948 च्या सार्वमतात थोड्याच मतांच्या फरकानं कॅनडात जाण्याचा कौल लागला आणि 31 मार्च 1949 ला तो देश एक प्रांत झाला. ब्यूमाँ-आमेलच्या देखभालीची जबाबदारी तेव्हापासून कॅनडाची. 1997 मध्ये कॅनडानं त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. कॅनडाबाहेर हा दर्जा असलेली जागा आणखी एकच आहे, फ्रान्समधलीच विमीची रणभूमी. पाहुण्यांना उद्यान दाखवायला कॅनडातले विद्यार्थी येऊन राहतात. ज्यांच्याविषयी ते सांगतात, त्यांतले बरेच जण त्यांच्याच वयाचे होते.

नव्या देशाचा राष्ट्रीय दिवसही योगायोगानं 1 जुलै हाच आहे. उरलेल्या कॅनडात त्या दिवशी सकाळपासून उत्सव असतो. न्यूफाउंडलंडमध्ये सकाळी झेंडे अर्ध्यावर असतात, युद्धस्मारकाशी प्रार्थना होते आणि कॅनडाचा वाढदिवस दुपारनंतर सुरू होतो. हा क्रम तिथल्या लोकांनी 1949 नंतर सोडलेला नाही.

2000 साली कॅनडानं फ्रान्समधून आपला एक अनाम सैनिक आणून ओटावात पुरला होता. न्यूफाउंडलंड महायुद्धाच्या वेळी कॅनडाचा भाग नव्हता, त्यामुळे आपल्याही एका अनाम सैनिकाला घरी आणावं, अशी मागणी तिथल्या लोकांनी लावून धरली आणि ती अपवाद म्हणून मान्य झाली. मे 2024 मध्ये ब्यूमाँ-आमेलच्या या उद्यानातच फ्रान्सनं त्या सैनिकाचे अवशेष हवाली केले. सेंट जॉन्सच्या युद्धस्मारकाला शंभर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, 1 जुलै 2024 ला, त्याच्या पायथ्याशी त्यांचं दफन झालं. तो कोण होता, कोणत्या खाडीवरच्या गावचा होता, हे शोधलं गेलेलं नाही. म्हणून ज्यांच्या घरी कुणी परतलं नव्हतं, अशा प्रत्येक कुटुंबाला तो आपलाच मानता येतो.